न दिसणाऱ्या युद्धाचं आपण काय देणं लागतो?

खडकवासल्याच्या एनडीएची मुख्य इमारत म्हणजे 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले, त्यातून हे नाव आलं. तो घुमट पुण्यात बऱ्याच जणांनी निदान फोटोत तरी पाहिलेला असतो. पण सुदानमध्ये आज काय चाललंय, हे विचारलं तर उत्तर येत नाही.

१५ एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध चालू आहे. एकीकडे जनरल बुरहान यांचं सैन्य, दुसरीकडे हेमेदतीचं 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल. २०२१ मध्ये याच दोघांनी मिळून सत्ता बळकावली होती. एक कोटीहून जास्त माणसं बेघर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत उपासमारीचा दुष्काळ जाहीर झाला. आपल्याकडे यावर बोललं गेलं ते मुख्यतः 'ऑपरेशन कावेरी'च्या दिवसांत. आपली माणसं परत आली आणि विषय संपला.

मग कोणी स्वतंत्रपणे यावर लिहीत राहिलं, तर लगेच प्रश्न येतो: लिहून युद्ध थांबणार आहे का? आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का?

दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. आपला वेळ मोजका आहे, आणि जगातल्या प्रत्येक दुःखाची जबाबदारी कोणा एकावर टाकता येत नाही. पण आपलं लक्ष आपणच वाटतो, हाही एक भ्रम आहे. फीड चालवणारा प्रोग्राम लोक कुठे थांबतात हे मोजतो आणि तेच वाढवतो. जिथे कोणी थांबत नाही, ते तो दाखवत नाही. आणि दाखवत नाही म्हणून कोणी थांबत नाही. या चक्रात 'मला माहीतच नव्हतं' हे कारण आपोआप तयार होतं.

सॉफ्टवेअरमध्ये एक साधा धडा मिळतो: लॉगमध्ये एरर नाही, याचा अर्थ एरर झालीच नाही असा नसतो. कदाचित लॉगिंगच बंद असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानच्या मोठ्या भागात इंटरनेट बंद पडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-फाशेर पडल्यावर येल विद्यापीठाच्या संशोधकांना उपग्रहचित्रांतले लालसर डाग पाहून कत्तलीचा अंदाज घ्यावा लागला. अशा वेळी शांतता तटस्थ नसते, ती मारणाऱ्याच्या सोयीची असते.

आता पहिला प्रश्न. लिहिण्याने युद्ध थांबेल, असं मी म्हणणार नाही. पण दारफुरमध्ये २००३-०४ साली झालेल्या अत्याचारांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अली कुशैब या जंजावीद म्होरक्याला ६ ऑक्टोबर २०२५ रोजी दोषी ठरवलं. वीसेक वर्षं लागली. तोवर लोकांनी साक्ष जपली, म्हणूनच हे झालं. त्यानंतर वीस दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, अल-फाशेर पडलं. साक्ष संकट टाळत नाही, पण 'असं काही घडलंच नाही' म्हणायची वाट बंद करते.

म्हणून लिहिणाऱ्यावरही बंधन येतं. जुना व्हिडिओ नवा म्हणून पुढे ढकलला, आकडा फुगवला, तर नाकारणाऱ्याच्या हातात आपणच पुरावा देतो. तारीख, ठिकाण, कोणी सांगितलं, हे तपासूनच लिहावं. वाचणाऱ्याचं देणं त्याहून लहान आहे: पुढच्या वेळी सुदानचं नाव दिसलं, तर बोट थोडं थांबू द्यावं.