गोऱ्ह्याचा हिशेब

बारामतीत आता ओट्सचं दूध मिळतं. भिगवण रस्त्याला एखाद्या मोठ्या दुकानात शिरा. थंड कपाटात दही-ताकाच्या पिशव्या आणि शेजारच्या फळीवर सोयाचे, बदामाचे, ओट्सचे खोके. पलीकडं टोफू, बिनअंड्याचं मेयॉनीज, सोयाबीनपासून केलेलं ‘चिकन’. असलं शाकाहारी चिकन विकणाऱ्यांत आपले रितेश आणि जिनिलिया देशमुखही आहेत. त्यांची ‘इमॅजिन मीट्स’ २०२१ मध्ये बाजारात आली. इंदापुरात एवढी रेलचेल नाही, तरी सोयाचं खोकं तिथंही दिसायला लागलंय. काही खोक्यांवर हिरवं ‘व्ही’ आणि त्याला फुटलेलं पान असं चिन्ह असतं. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०२२ मध्ये वीगन पदार्थांचे नियम केले, त्यातलं ते चिन्ह. दूध, तूप, मध, अंडं, जनावरापासून आलेलं काहीही आत नाही, अशी ती ग्वाही.

आता ही फळी कुठं मांडली गेलीय ते बघा. बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनामिक्सचा चीजचा कारखाना, तिथंच फेरेरोचा चॉकलेटचा. इंदापूर तालुक्यात सोनाईचा दुधाचा पसारा. गावोगावी संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन उभी असलेली माणसं, फॅट-एसएनएफचं यंत्र आणि हातात पडणारी पावती. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्यांना मिळालं त्यांचं ऊस करून भागतं. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात पाऊस दगा देतो, तिथं घर चालतं ते दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर. ऊस वर्षा-दीड वर्षानं पैसे दाखवतो, गाय दहा दिवसांनी. पोरांची फी, दवाखाना, किराणा सगळं त्या पगारातून. आणि त्यामागचे कष्ट बहुतेक घरांत बाईचे. पहाटे पाचला शेण उचलणारी ती, वैरण टाकणारी ती आणि गाय आजारी पडली की रात्र जागणारीही तीच.

त्यामुळं खोकं बघून इथला माणूस आधी हसतो. ‘पाण्यात ओट्स कालवून अडीचशे रुपये लिटर, आणि आमच्या दुधाला तीस-पस्तीस!’ हसू खरं आहे, त्यातला राग त्याहून खरा. २०२१ मध्ये ‘पेटा’ या प्राणीहक्क संस्थेनं अमूलला वनस्पतीजन्य दुधाकडं वळण्याचा सल्ला दिला, तेव्हा अमूलचे व्यवस्थापकीय संचालक आर. एस. सोढी यांनी उलट विचारलं, की दहा कोटी दूध उत्पादकांची रोजीरोटी कोण चालवणार, त्यांच्या मुलांच्या शाळेची फी कोण भरणार? आपल्याकडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हाच सवाल ऐकू येईल. सवाल रास्त आहे. पण तो सवाल म्हणून न विचारता उत्तर म्हणून तोंडावर फेकला जातो, हे मला खटकतं.

कारण दुधाचा दर काही ओट्सच्या खोक्यानं पडत नाही. तो पडतो पावडरीचे साठे तुंबले की. २०१८च्या जुलैत शेतकरी नेते राजू शेट्टींच्या हाकेवर दूध रस्त्यावर ओतलं गेलं, २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. दोन्ही वेळा कुणा वीगन माणसाचा त्यात हात नव्हता. ही खोकी घेतं तरी कोण? ज्यांना दूध पचत नाही ते, जिममध्ये जाणारी पोरं, पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली नातवंडं आणि थोडी अशी माणसं, ज्यांना जनावराच्या वाट्याचं काही घ्यायचंच नाही. या शेवटच्या मूठभरांचं म्हणणं आपण कधी नीट ऐकून घेतलंय का?

नवलाईचं म्हणाल तर त्यात फारसं नवल नाही. पिठलं-भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याच्या शेंगोळ्या, खर्डा, मटकीची उसळ हे सगळं चिन्ह न लावता वीगनच आहे. तुपाची नक्कल करणारा डालडा तर आजीच्या काळापासून घरात आहे आणि तेव्हाही ‘हे कसलं तूप!’ म्हणून लोकांनी नाकं मुरडलीच होती. नवा आहे तो खोक्यामागचा प्रश्न. जनावराला त्रास न देता जेवता येतं, मग का देता, असा तो थेट प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आपल्या मातीत पूर्वी कुणी विचारलाच नव्हता, असंही नाही.

दुभत्या जनावरांकडून शेवटचा थेंब काढून घेण्यासाठी गवळी काय काय क्रूर प्रकार करतात हे वाचून गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढं ते जिवावरच्या दुखण्यात सापडले. हवापालटाला माथेरानला नेलं, तिथंही बरं वाटेना. अखेर मुंबईत डॉ. दलालांनी दूध घ्याच म्हटलं. नेम तर गाई-म्हशीच्या दुधाचा होता, शेळीचं काय हरकत, असा मार्ग कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं, जगले, आणि नेमाचा शब्द पाळला पण अर्थ मोडला ही बोच आत्मचरित्रात लिहून ठेवली. मला या गोष्टीत शेळीपेक्षा ती बोच मोलाची वाटते. जगण्यासाठी तडजोड केली. पण तडजोडीला तडजोडच म्हटलं, तिला धर्माचं नाव दिलं नाही.

याच गांधीजींच्या मागोमाग १९४६ मध्ये मणिभाई देसाई उरुळी कांचनला आले आणि तिथलेच झाले. बारामती-इंदापूरकरांना उरुळी काही परकी नाही, पुण्याला जाताना वाटेत लागते. मणिभाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ उभी केली. परदेशी होल्स्टीन आणि जर्सी वळूंचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेऊन देशी गाईंचा संकर करायचा, अशी ती वाट. दोन लिटर देणाऱ्या गाईच्या जागी दहा-पंधरा लिटरची गाय उभी राहिली आणि हजारो कोरडवाहू घरांत दहा दिवसांचा पगार सुरू झाला. हे उपकार खोटे नाहीत. पण त्या संकरातून एक प्राणी असाही जन्मला, ज्याचा हिशेब कुणीच धरला नव्हता. तो म्हणजे संकरित गाईचा गोऱ्हा.

गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. खिलार गाईला खोंड झाला तर अजूनही घरात आनंद असतो. शेतीला नसला तरी शर्यतीला त्याचं मोल आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवल्यावर ते आणखी वाढलं. होल्स्टीनच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही, त्याला ऊन सोसत नाही. ट्रॅक्टर आल्यावर तर त्याला कामच उरलं नाही.

आता त्याचं पोट बघा. तीस किलोच्या वासराला दिवसाला वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तीन लिटर दूध लागतं. दोन महिन्यांत १८० लिटर झालं. तीस रुपयांनी धरलं तरी ५,४०० रुपये. वैरण, औषध, जागा वेगळी. कालवडीवर हा खर्च होतो, कारण ती अडीच-तीन वर्षांत फेडते. गोऱ्ह्यावर कोण करील? पूर्वी तो विकला जाई. गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानं आधीच बंदी होती. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आली आणि तो बाजार मिटला. जनावरांच्या गाड्या वाटेत अडवल्या जातात म्हणून २०२५च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, तेव्हा भाकड गाईसुद्धा बाजारातून परत दावणीला आल्या. कायद्यानं गोऱ्ह्याला मारायचं नाही आणि हिशेबानं जगवायचं नाही, अशा कात्रीत तो सापडला आहे.

मग त्याचं काय होतं? गोठ्यात हे विचारायची पद्धत नाही. चीक दोन दिवस मिळतो, कधी तोही पुरता नाही. आपण खरवसाची वडी चवीनं खातो ती त्याच्याच वाट्यातली. मग दूध पातळ होत जातं, मग बंद. हगवण लागते, आठ-पंधरा दिवसांत तो कोपऱ्यात मान टाकतो. किंवा एखाद्या रात्री लांबच्या रस्त्यावर सोडला जातो. सगळे असं करत नाहीत. गोऱ्हे पदरमोड करून सांभाळणारी घरं मला माहीत आहेत. पण ती घरं तोट्यात आहेत, आणि भलेपणा करणाऱ्यालाच तोट्यात घालणारा धंदा फार दिवस भला राहत नाही.

म्हणूनच दोष शेतकऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं होणं मला मंजूर नाही. जे ५,४०० रुपये कुठल्याच दरपत्रकात नाहीत, ते त्यानं कुठून आणायचे? दर फॅटवर ठरतो, एसएनएफवर ठरतो. वासरू जगलं का, यावर ठरत नाही. चहात दूध ओतणारा मी, पेढे वाटणारे तुम्ही, चीजचे ट्रक भरणारा कारखाना, पावडर विकणारा संघ, सगळे त्या न दिलेल्या पैशांचे लाभार्थी आहोत.

खोकं विकत घेणाऱ्यालाही दोन शब्द. बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाहून येतो आणि तिथंही तो दुष्काळात पाणी पिऊनच वाढतो. तुमच्या पेल्यात गोऱ्ह्याचं दुःख नाही हे मान्य. पण सुप्याकडच्या त्या बाईच्या दहा दिवसांच्या पगाराचं काय, याला तुमच्या खोक्यावर उत्तर नाही. तुमचा पेला स्वच्छ झाला म्हणून तिचा गोठा बदलत नाही.

एक गोष्ट मात्र त्या खोक्याकडून शिकण्यासारखी आहे. ते खोटं बोलत नाही. मार्च २०२५ मध्ये भीमेपलीकडच्या श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं. बनावट पनीरमध्ये तेल असतं आणि वीगन चीजमध्येही तेल असतं. फरक एवढाच, की एकानं आत काय आहे ते वर छापलंय आणि दुसरं हॉटेलच्या पनीर मसाल्यात दुधाचं म्हणून खपतं. दूधवाल्यांना रागच करायचा असेल तर तो बनावट पनीरचा करावा. आणि आपल्या पिशवीवरही आतलं सगळं छापता येईल का, हे पाहावं.

तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून पंढरीला जाते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवडीत घोडा धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. जनावराला एवढा मान देणाऱ्या मुलखाला गोऱ्ह्याचा प्रश्न परका वाटू नये.

उपाय अगदीच नाहीत असंही नाही. लिंगवर्गीकृत वीर्याची कांडी वापरली तर दहात नऊ वेळा कालवडच होते. साध्या कांडीपेक्षा ती महाग असते, गर्भ राहण्याचं प्रमाण जरा कमी असतं, पण तिच्यासाठी सरकारी योजनांतून अनुदान मिळतं. जो जन्मलाच नाही त्याला उपाशी मारावं लागत नाही. कडव्या वीगन माणसाचं यानं समाधान होणार नाही, कारण गाय दावणीला राहतेच. तरी दरवर्षी जे गोऱ्हे हगवणीनं मरतात, त्यांच्यापुरता हा मोठाच फरक आहे. आणि तरीही जे जन्मतील त्यांच्यासाठी लिटरमागं काही पैसे बाजूला काढून संगोपन निधी उभारता येईल. त्याचा भार ग्राहकानंही उचलावा. लिटरमागं पन्नास पैसे जास्त द्यायला मी तयार आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. दूध संस्थेचे सभासद असाल तर यंदा दराबरोबर हाही विषय लेखी द्या: संस्थेच्या खर्चानं लिंगवर्गीकृत कांडी आणि गोऱ्ह्यांसाठी निधी. खासगी डेअरीला दूध घालत असाल तर संकलन केंद्रावर विचारा. विषयपत्रिकेवर तो छापून आला, तर मला जरूर कळवा.