राजभांडाराखालचीं जुनेरें

(वाचावयाचा भाग: यिर्मया, अध्याय 38, ओव्या 7 ते 13)



यरुशलेम नगरास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. ख्रिस्तपूर्व 587 च्या सुमाराचा हा काळ. नगरांतील भाकर संपत आली होती, आणि सरदारांनीं यिर्मया संदेष्ट्यास दोरांनीं एका हौदांत सोडिलें होतें. हौदांत पाणी नव्हतें, चिखल होता. संदेष्टा त्या चिखलांत रुतला. सरदारांस नाहीं म्हणण्याचें बळ सिद्कीया राजाच्या अंगीं नव्हतें. अशा वेळीं राजवाड्यांतील एक परदेशी सेवक, एबद-मलेख कूशी, राजाकडे गेला व त्यानें संदेष्ट्याच्या प्राणासाठीं रदबदली केली. राजानें त्याच्याबरोबर तीस माणसें दिलीं.

ही गोष्ट आपण पुष्कळदां ऐकिली आहे. तिजवर बोलतांना उपदेशक बहुधा ह्या कूशी मनुष्याच्या धैर्यावर बोलतात, आणि तें योग्यच आहे. मी मात्र आज तिच्यांतील एका लहानशा गोष्टीकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. तीस माणसें हातीं येतांच हा मनुष्य थेट हौदाकडे धांवला नाहीं. तो आधीं राजवाड्यांत, भांडाराच्या खालच्या जागीं गेला. तेथून त्यानें जुनेरें व फाटक्या चिंध्या घेतल्या. त्या दोरांनीं खालीं सोडून त्यानें संदेष्ट्यास सांगितलें कीं, ह्या बगलेंत, दोराच्या आंतल्या बाजूस धर.

विचार करा. राजभांडारांत सोनें-रुपें होतें, त्याची मोजदाद करणारे कारकून होते. त्याच घराच्या तळाशीं कोणीतरी जुनेरेंही जपून ठेविलीं होतीं, आणि तीं कोठें आहेत हें एबद-मलेखास ठाऊक होतें. उपासमारीनें खंगलेला मनुष्य चिखलांतून दोरानें वर ओढावयाचा तर दोर त्याच्या बगला कापील, हें त्याच्या ध्यानीं आलें. परंतु नुसतें ध्यानीं येऊन काय उपयोग? शोधाशोध करण्यास वेळ नव्हता. वस्तु जागेवर होती आणि जागा माहीत होती, म्हणून त्याची करुणा हौदाच्या तळापर्यंत पोंहचली.

आतां आपल्या मंडळीच्या पेटीकडे येऊं. पुष्कळ गांवच्या भक्तिमंदिरांत, व्यासपीठाच्या मागें किंवा पाळकाच्या घरीं, एक पत्र्याची ट्रंक असते. गोधड्यांसाठीं लोकांनीं दिलेलें कापड तींत असतें: जुनीं लुगडीं, पातळें, धोतरें, मुलांचे सदरे, शिंप्याकडील कातरण. कापड देण्यांत आमचे गरीब लोकही मागें नाहींत, हें मी आनंदानें लिहितों. परंतु पेटींत काय आहे असें विचारिलें तर उत्तर येतें, “पुष्कळ आहे, पाळकसाहेब.” हें उत्तर नव्हे. एका मंडळींत ऐन पौषाच्या थंडींत ऊंस तोडणाऱ्यांच्या पालांत एक स्त्री बाळंत झाली. गोधडी हवी म्हणून निरोप आला. पेटी उघडली तों वरचीं चार कापडें चांगलीं, आणि खालचीं भिंतीच्या ओलीनें काळीं पडलेलीं. धुतलेलें कोणतें, न धुतलेलें कोणतें, कोणास सांगतां येईना. भगिनींनीं तें निवडून, धुवून, वाळवून गोधडी शिवली, तोंपर्यंत टोळी पुढच्या गांवीं निघून गेली होती. कापड होतें, हात होते, प्रीतीही होती. पेटींत काय आहे हें सांगणारी चिठ्ठी मात्र नव्हती.

कोणी म्हणेल, चिंध्यांच्या चिठ्ठ्या लिहिणें हा काय उपदेशाचा विषय आहे? त्यानें गणना ह्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढावा. निवासमंडपाचें कापड थोडें नव्हतें. तागाचे दहा पडदे, प्रत्येक 28 हात लांब व 4 हात रुंद. त्यांवर बकऱ्यांच्या केसांचे अकरा, प्रत्येक 30 हात लांब. रानांत मुक्काम हालला कीं हें सर्व गुंडाळावें, वाहावें व पुन्हां उभारावें लागे. तें कोणीही उचलावें असें ठरलें नव्हतें. पडदे व आच्छादनें गेर्षोनाच्या वंशाकडे, फळ्या, खांब व मेखा मरारीच्या वंशाकडे, आणि दोघांवर अहरोनाचा पुत्र इथामार ह्याची देखरेख. मेखा व तणावे ह्यांसारख्या वस्तूही नांवें घेऊन ज्याच्या त्याच्या हवालीं कराव्या, अशी आज्ञा होती. मेख ती काय! पण अंधारांत मुक्कामावर येऊन पोंहचल्यावर एक मेख सांपडली नाहीं तर पडदा उभा राहत नाहीं. गेर्षोन्यांस दोन गाड्या व चार बैल मिळाले. कापडाचें वजन काय असतें हें तेथें जाणलें होतें.

तेव्हां पेटी कशी लावावी हें मी आतां उघडपणें लिहितों. बायबल-बायांनीं हा भाग भगिनींच्या सभेंत वाचून दाखवावा.

कापड आलें कीं तें तसेंच पेटींत टाकूं नये. आधीं धुवावें व खळ पूर्ण काढावी, कारण खळीवर झुरळें व चंदेरी किडे येतात. कसर लोकरीस व रेशमास लागते, आणि घामाचे व तेलाचे डाग असलेलें कापड तिला अधिकच आवडतें. धुतलेलें कापड खडखडीत वाळलें पाहिजे. लाल, निळ्या व काळ्या रंगाचा ओला पांढरा फडका घासून रंग सुटतो कीं काय तें पाहावें. गोधडी शिवून झाल्यावर रंग उतरला तर शेजारचे तुकडे नासतात. बुरशीचा वास येणारें कापड वेगळें ठेवावें. लेवीय 13 व्या अध्यायांत कापडास चट्टा पडला तर याजकानें तें सात दिवस बंद करून ठेवावें, मग धुवावें, आणखी सात दिवस ठेवून पुन्हां पाहावें, आणि चट्टा पसरत असेल तर तें जाळून टाकावें असें सांगितलें आहे. आमचे कांहीं उपदेशक हा अध्याय वाचतांना घाईनें पान उलटतात. एकदां पेटीपाशीं बसून वाचून पाहावा.

मग सुती एका गाठोड्यांत, लोकरी दुसऱ्यांत, आणि पॉलिएस्टर, टेरिकॉट वगैरे तिसऱ्यांत. लोकर व ताग एकत्र विणलेलें वस्त्र नेसूं नये हा इस्राएलास दिलेला नियम आपणांवर लागू नाहीं. तरी सुती कापड धुतल्यावर आकसतें आणि पॉलिएस्टर आकसत नाहीं, म्हणून एकाच थरांत दोन्ही आलीं कीं गोधडीस चुण्या पडतात. शिवाय चुलीजवळ निजणाऱ्या घरांत पॉलिएस्टर पांघरूण धोक्याचें. ठिणगी पडली तर तें वितळून अंगास चिकटतें.

प्रत्येक गाठोड्यास चिठ्ठी असावी. कागदाची चिठ्ठी ओलीनें जाते व टांचणी गंजून डाग पाडते. म्हणून पांढऱ्या सुती पट्टीवर पेन्सिलीनें लिहून ती दोन टांक्यांनीं अडकवावी. तीवर कापडाची जात, लांबी-रुंदी, धुतल्याचा महिना, आणि तें कशास योग्य, म्हणजे वरच्या थरास कीं आंतल्या, इतकें पुरे. नऊवारी लुगडें सुमारें 8.2 मीटर असतें; त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरांहून थोडा अधिक निघतो, आणि ते दोन-दोन जोडले कीं वरचा व खालचा असे दोन्ही थर होतात. विरलेला भाग किती हें चिठ्ठीवर असलें तर कापण्यापूर्वींच हिशेब कळतो.

डांबराच्या गोळ्यांविषयीं विशेष सांगतों. ज्या गाठोड्यांत त्या घातल्या असतील त्याच्या चिठ्ठीवर तसें लिहावें, आणि तें कापड तान्ह्या मुलाच्या दुपट्यास घेऊं नये. नवजात बालकांपैकीं कांहींचें रक्त त्या गोळ्यांतील नॅफ्थॅलीननें बिघडतें व कावीळ वाढते. अशा कापडांत गुंडाळल्यानें मुलें दगावल्याची नोंद वैद्यकांत आहे. दुपट्यांचें सुती कापड निराळें ठेवून त्यांत सुकलेला कडुलिंबाचा पाला फडक्यांत बांधून ठेवावा आणि दर दोन महिन्यांनीं कापड उलगडून वारा द्यावा. घडी दर वेळीं निराळ्या ठिकाणीं मोडावी, नाहीं तर कापड घडीवरच तुटतें. पेटी जमिनीपासून विटांवर, भिंतीपासून हातभर दूर.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों, कारण तीवरून मंडळ्यांत रुसवे झालेले मीं पाहिले आहेत. चिठ्ठीवर देणाराचें नांव लिहावें काय? एक म्हणतो, लिहावें, कारण माझ्या आईचें लुगडें आहे. दुसरा म्हणतो, उजवा हात काय देतो तें डाव्यास कळूं नये असें प्रभूनें शिकविलें. माझें मत असें कीं नांव वहींत लिहावें; तीं वही पेटी सांभाळणाऱ्या भगिनीपाशीं असावी. मेलेल्या आईचें लुगडें कोणत्या गोधडींत गेलें हें मुलीस विचारावेंसें वाटलें तर तो गर्व नव्हे. यापो येथें तबीथा मेली तेव्हां विधवा रडत रडत पेत्रास तिनें केलेलीं वस्त्रें दाखवीत होत्या. कोणतें तिच्या हातचें हें त्यांस ठाऊक होतें, आणि प्रेषितानें त्यांस दटाविलें नाहीं. परंतु शिवलेल्या गोधडीवर देणाराचें नांव नको, मंडळीचेंही नको, आणि “गरिबांसाठीं” असे शब्द तर मुळींच नकोत. थंडीची ऊब घेतांना कोणास तें वाचावें लागूं नये. एबद-मलेखानें जुनेरें वरून फेंकिलीं नाहींत, दोरानें सोडिलीं. फेंकिलीं असतीं तर चिखलांत भिजून पडलीं असतीं, आणि चिखलांत उभ्या असलेल्या मनुष्यास तीं वेंचावीं लागलीं असतीं.

गोधडी कोणास द्यावी हा प्रश्न पेटी लागली कीं सोपा होतो. वहींत “दुपट्यास योग्य, सहा” असें असलें तर सुईण सांगेल त्या घरीं तें आधीं जातें. मागावयास येण्याचें धैर्य ज्यांस नसतें त्यांच्याकडेही जातां येतें. तीं घरें सभासदांचीं आहेत कीं नाहींत हें वहींत लिहूं नये. कूशी मनुष्य इस्राएली नव्हता, आणि त्याच्या जिवाविषयींचें वचन पुढच्याच अध्यायांत यिर्मयाच्या तोंडून त्यास मिळालें.

पेटीची किल्ली एकीपाशीं न ठेवितां दोघींपाशीं असावी, आणि त्यांतील एक तरी भक्तिमंदिराच्या जवळ राहणारी असावी. ज्या गांवीं वाचतां येणारी भगिनी नाहीं तेथें चिठ्ठीऐवजीं रंगीत दोऱ्याच्या गांठी घालाव्या: सुतीस पांढरा, लोकरीस काळा, दुपट्याच्या कापडास हिरवा, डांबराच्या गोळ्या घातलेल्यास लाल. दसऱ्यापूर्वीं, पाऊस उघडला कीं, पेटी एकदां पूर्ण रिकामी करून सावलींत वारा लागूं द्यावा. प्रखर उन्हांत रंग उडतात. त्याच दिवशीं वही व गाठोडीं ताडून पाहावीं, आणि काय कमी आहे तें पुढच्या रविवारीं उपासनेनंतर मंडळीस सांगावें.