अर्ध्या न्यायाचे मोल

१९३८ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी, जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रीय सभेने पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले, आणि त्या पथकात वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी न झालेले सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेस जर्मनीतील समस्त ज्यू डॉक्टरांच्या वैद्यकीय सनदा सरकारी फर्मानाने रद्दबातल झाल्या. ज्या मोजक्यांस व्यवसायाची मुभा राहिली त्यांनी केवळ ज्यू रुग्णांवरच उपचार करावेत आणि स्वतःस डॉक्टर म्हणवू नये, असा दंडक घालण्यात आला. एका पराधीन देशाने आपल्या वैद्यांना परक्या जखमींसाठी समुद्रापार धाडावे आणि वैद्यकविद्येत जगाचे गुरुपद मिरविणाऱ्या एका स्वतंत्र राष्ट्राने त्याच सुमारास वैद्याची योग्यता त्याच्या आजोबांच्या धर्मावरून ठरवावी, हा विरोध केवळ चमत्कारिक नाही. कोटणीसांना तो प्रत्यक्ष भेटलाही, कारण १९३९ च्या अखेरीस चिनी साम्यवाद्यांचे ठाणे असलेल्या यानानहून आघाडीकडे निघालेल्या भारतीय डॉक्टरांच्या सोबतीस हान्स म्यूलर नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर होता, आणि ज्यू वंशाचा असल्यामुळे मायदेशास पारखा होऊन त्याने आपले वैद्यकीय शिक्षण स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पुरे केले होते.

नाझी अंमलातील ज्यूंच्या छळाचा विचार करताना आपली दृष्टी प्रथम आउश्वित्झच्या धुराड्यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु साठ लक्ष माणसांच्या संहाराची पायाभरणी कचेऱ्यांतून, शिरस्त्याप्रमाणे, सही-शिक्क्यानिशी झाली होती, याचे विस्मरण होता कामा नये. १९३३ च्या वसंतात ज्यू डॉक्टरांना आरोग्यविमा-निधींच्या यादीतून वगळण्यात आले, १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, १९३८ साली त्यांच्या मालमत्तेची नोंद सक्तीची झाली आणि पाठोपाठ सनदा गेल्या. प्रत्येक पायरीवर एक अर्ज, एक नोंदवही, एक हुकूम होता, आणि प्रत्येक हुकूम बजावणारा अंमलदार आपण केवळ वरिष्ठांची तामिली करीत आहोत असे मानून रात्री स्वस्थ झोपत होता. ज्यू सहकाऱ्याची रिकामी झालेली जागा जो जर्मन डॉक्टर स्वीकारत होता, त्यालाही आपण अन्यायाचे भागीदार झालो आहोत असे क्वचितच वाटले असेल. पुढे १९३९ साली अपंग व मनोरुग्ण यांना ‘दयामरणा’च्या नावाखाली मारण्याची जी गुप्त योजना सुरू झाली, तिचा अधिकार हिटलरने आपला वैद्य कार्ल ब्रांट याच्याकडे लेखी सोपविला होता. दोन वर्षांच्या आत सुमारे ७०,००० रुग्ण त्या योजनेत मारले गेले, आणि तेथे विषारी वायूचा सराव झालेले कर्मचारीच पुढे बेल्झेक, सोबिबोर व त्रेब्लिंका येथील ज्यूंच्या संहारास कामी आले.

९ डिसेंबर १९४६ रोजी न्यूरेंबर्ग येथे अमेरिकन न्यायासनापुढे ब्रांट व त्याचे सहकारी अशा २३ जणांवर खटला उभा राहिला, तेव्हा कोटणीसांना चीनच्या होपे प्रांतात देह ठेवून बरोबर चार वर्षे झाली होती. आरोपींच्या कैफियतीत दोन मुद्दे वारंवार येत. हुकूम वरून आला होता, हा पहिला; आणि माणसांवरील प्रयोगांविषयी जगात कोठेच लेखी नियम नाही, अमेरिकेच्या तुरुंगांतही कैद्यांवर हिवतापाचे प्रयोग झालेच होते, हा दुसरा. पहिल्या मुद्द्याने बचाव होत नाही हे तत्त्व तत्पूर्वीच न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या मुख्य खटल्याने प्रस्थापित केले होते. दुसरा मुद्दा मात्र निरुत्तर करणारा होता, आणि न्यायाधीशांनी त्यास दिलेले उत्तर असे की, निकालपत्रातच त्यांनी दहा कलमांची एक संहिता घातली, जिचे पहिले कलम प्रयोगास बळी पडणाऱ्या माणसाच्या स्वेच्छेची संमती अनिवार्य मानते. १६ जण दोषी ठरले, सात जण फासावर गेले, आणि आरोपींच्या वकिलांनी दाखविलेली उणीव जगाच्या वैद्यकनीतीचा पाया होऊन बसली.

येथवर सारे समाधानकारक आहे. परंतु ज्या चीनमध्ये कोटणीस शस्त्रक्रिया करीत होते, त्याच देशात, हार्बिननजीक पिंगफांग येथे, शिरो इशी या जपानी लष्करी डॉक्टरच्या हाताखालील ‘७३१ क्रमांकाची तुकडी’ जिवंत कैद्यांना प्लेगची लागण करून त्यांची चिरफाड करीत होती. आणि युद्धानंतर अमेरिकन सत्तेने त्या प्रयोगांची दप्तरे पदरात पाडून घेण्याच्या मोबदल्यात इशी व त्याच्या साथीदारांना अभय दिले. जपानी पुढाऱ्यांवर खटला चालविणाऱ्या तोकियो येथील न्यायासनापुढे इशी कधी उभाच राहिला नाही. त्या तुकडीतील काहींवर सोव्हिएत रशियाने १९४९ च्या डिसेंबरात खाबारोव्स्क येथे खटला चालविला, पण त्या सुनावणीस पश्चिमेने प्रचार म्हणून उडवून लावले. तेव्हा एकाच जातीच्या गुन्ह्यासाठी एका डॉक्टरला फाशी आणि दुसऱ्याला घरी म्हातारपण, असा हा हिशेब झाला.

तोकियोच्या न्यायासनावरील भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी जेत्यांच्या न्यायातील अशाच विषमतेवर बोट ठेवले. जेत्यांनी जितांवर मागाहून रचलेल्या कायद्याने खटला भरणे हा न्याय नव्हे, या भूमिकेवरून त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले; मात्र जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हेही त्यांनी नमूद केले, आणि त्यांचा हवाला देणारे पुष्कळजण हा दुसरा भाग सोयीस्कर रीतीने गाळतात. सोलापूरकरांना पाल यांच्या युक्तिवादातील खोच निराळी समजावून सांगावी लागत नाही. १९३० च्या मे महिन्यातील गोळीबार आणि त्यामागोमाग १२ मेपासून जारी झालेला मार्शल लॉ ज्या शहराने भोगला, आणि ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर चढले, त्या शहराला साम्राज्यांचे अंमलदार कोणत्याही न्यूरेंबर्गपुढे उभे राहिले नाहीत हे ठाऊक आहे. न्यूरेंबर्ग येथे आरोप ठेवणाऱ्या चार राष्ट्रांत इंग्लंड होते, आणि फ्रान्सही.

म्हणून ‘हा तर जेत्यांचा न्याय’ असे म्हणून मोकळे व्हावे काय? आपल्याकडे या उद्गाराला विद्वत्तेचे वलय सहज प्राप्त होते, आणि त्यात सत्यांश असल्यामुळेच तो धोक्याचा आहे. इशी सुटला म्हणून ब्रांटची फाशी अन्याय्य ठरत नाही. फार तर इशीची सुटका लज्जास्पद ठरते. ज्याला न्याय मिळाला नाही त्याचे हित, मिळालेला न्याय खोटा ठरविण्यात नसून त्याच मापाने आपलेही मोजून घ्या असा हक्क सांगण्यात आहे. कारण ‘हुकुमाची तामिली हा बचाव नव्हे’ हे तत्त्व एकदा उच्चारले गेले की ते उच्चारणाऱ्याच्या मालकीचे राहत नाही, आणि ज्यांनी ते शत्रूसाठी लिहिले त्यांच्याच दारी त्याची थाप केव्हातरी पडते.

इतिहासाचा दाखलाही याच दिशेने आहे. मुख्य न्यूरेंबर्ग खटल्यातील एक मोठे वैगुण्य असे की, ज्यूंच्या छळाचा आक्रमक युद्धाशी असलेला संबंध १९३९ पूर्वीच्या काळापुरता सिद्ध झाला नाही, म्हणून त्या काळातील कृत्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत धरता येत नाहीत, असे न्यायासनाने मानले. म्हणजे म्यूलरसारख्यांना देशोधडीस लावणारे नियम आणि ती सनदांची जप्ती या निकालाच्या कक्षेबाहेरच राहिली. राज्याने आपल्याच प्रजेस शांततेच्या काळात छळले तर तो त्याचा घरचा मामला, हा जुना समज तेवढ्यापुरता अबाधित राहिला. परंतु ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला, तेव्हा त्याच्या पहिल्याच कलमात हा गुन्हा युद्धकाळात होवो वा शांततेत, तो गुन्हाच होय, असे लिहिले गेले. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू विधिज्ञाने त्यासाठी आपले आयुष्य वेचले. त्याचे बहुतेक सारे कुटुंब त्या संहारात नाहीसे झाले होते. अर्ध्या न्यायाचे वैगुण्य ज्यांना सलले, त्यांनी तो फेकून न देता पुढे नेला.

आपल्या देशाची या कामी कामगिरी मात्र तितकी उजळ नाही. भारताने १९५९ साली त्या करारास मान्यता दिली, तथापि त्यानुसार या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कायदा आजतागायत केलेला नाही. आणि १९९८ च्या रोम कराराने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सनदेवर आपली सहीही नाही. त्यास अनेक कारणे दिली जातात आणि ती सारीच पोकळ आहेत असे नाही. तरीही जेत्यांच्या न्यायाबद्दल जगाला जाब विचारण्याचा आपला अधिकार तेव्हाच शाबूत राहील, जेव्हा तोच जाब आपल्यालाही विचारता येईल अशी तजवीज आपण आपल्या कायद्यात करून ठेवू. सोलापूरच्या चौघा हुतात्म्यांना ज्या अंमलाने फासावर दिले, त्याच्यापाशीही कायदा होता, हुकूम होता आणि सही होती. त्या तिहींच्या वर काही आहे, हे घरच्या राज्यासही बंधनकारक मानणे, एवढेच त्यांचे ऋण फेडण्याचे साधन आपल्या हाती उरते.