पदावर असतानाचा आवाज

जानेवारी 2011 मध्ये डॉ. अनिल काकोडकरांनी एका मराठी दैनिकात लेख लिहिला. भारतावरचे अणुव्यापाराचे निर्बंध उठावेत म्हणून अमेरिका, रशिया आणि फ्रान्सची मदत घेतली. त्यांचे व्यापारी हित सांभाळायचे म्हणून त्यांच्याशी प्रकल्पांचे करार झाले, असा त्याचा आशय होता. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद सोडून तेव्हा त्यांना वर्ष उलटले होते. लेख प्रामाणिक आहे, आणि खटकतो तो त्यामुळेच. फ्रान्सशी ठरलेल्या प्रकल्पात कोकणातल्या माडबनच्या सड्यावर 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभारायच्या होत्या. त्या जातीची एकही भट्टी तोवर जगात कुठे चालू नव्हती. गावकऱ्यांना मात्र विजेची टंचाई आणि स्वच्छ ऊर्जा एवढीच कारणे ऐकवली जात होती.

काकोडकर दबून राहणारे नव्हेत. फेब्रुवारी 2006 मध्ये, पदावर असतानाच, त्यांनी मुलाखत देऊन फास्ट ब्रीडर अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणायला जाहीर विरोध केला. भारत-अमेरिका अणुकरारासाठीच्या मार्चच्या आराखड्यात त्या देखरेखीबाहेर राहिल्या. शास्त्रज्ञ ठाम राहिला तर सरकारही नमते, हे तेव्हा दिसले. पण तो प्रश्न सार्वभौमत्वाचा होता. सुरक्षेच्या प्रश्नाला असे भाग्य लाभत नाही.

डॉ. ए. गोपालकृष्णन 1993 ते 1996 अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. ते येण्याच्या काही महिने आधी, 31 मार्च 1993 ला, नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि केंद्राचा वीजपुरवठा सुमारे सतरा तास बंद पडला. त्यांच्या काळात, 1995 मध्ये, मंडळाने देशभरातल्या सुमारे 130 सुरक्षा-मुद्द्यांची यादी केली. मुंबई सर्वोदय मंडळ आणि पीयूसीएल ती मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारने गोपनीयतेचा दावा केला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. नियामकाने शोधलेले दोष नागरिकाला कळू नयेत, हे कुणाच्या संरक्षणासाठी?

मंडळ ज्या आयोगाला जबाबदार होते, त्याचा अध्यक्षच अणुऊर्जा खात्याचा सचिव, आणि केंद्रे चालवणारे महामंडळ त्याच खात्याचे. 2012 च्या कॅगच्या अहवालात तर नियमभंगाचा कमाल दंड 500 रुपये निघाला. (आमच्याकडे आकडा टाकून वीज घेणाराही यापेक्षा जास्त भरतो.)

वीज नको म्हणण्याची ऐपत आम्हाला नाही. आमच्या राहात्याच्या पेरूबागांना रात्रीच्या पाळीत पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे, आणि कोळशाला कधीतरी पर्याय शोधावा लागणारच. म्हणून अणुऊर्जेला सरसकट विरोध मला पटत नाही. पण भट्टी राहात्याला यायची नाही. 18 एप्रिल 2011 ला प्रकल्पविरोधी आंदोलनावरच्या गोळीबारात माणूस गेला तो माडबनजवळच्या नाट्याला, इथे नाही. धोका शेजाऱ्याच्या दारात ठेवून वीज वापरणाऱ्यानेच सुरक्षेचे प्रश्न अधिक विचारले पाहिजेत.

अणुऊर्जेसाठीच्या डिसेंबर 2025 मधल्या शांती कायद्याने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्याने 2010 च्या अणुदायित्व कायद्यातली, सदोष यंत्रसामग्रीबद्दल पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद गाळली. परदेशी कंपन्यांचा तिच्यावर आक्षेप होता. खासगी कंपन्याही आता भट्ट्या चालवू शकतील. म्हणजे दबाव केवळ दिल्लीचा उरणार नाही. अशा वेळी मंडळाच्या अध्यक्षाचा अहवाल, सदस्यांच्या मतभेदांसह, खात्याच्या हातून न जाता थेट संसदेपुढे गेला पाहिजे, आणि तोही अध्यक्ष खुर्चीत असताना.