घसरणीचे माप

घरांचे भाव चढू लागले म्हणजे ते कोठवर चढतील याविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असते. परंतु ते कोसळल्यावर कोठे जाऊन थांबतील, असे चढतीच्या काळात कोणी विचारले, तर त्याची गणना अभद्र बोलणाऱ्यांत होते. आयर्लंडमध्ये 2007 साली डब्लिनचे अर्थशास्त्रज्ञ मॉर्गन केली यांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. 1970 पासूनच्या संपन्न राष्ट्रांतील तेजी-मंदीचे आकडे तपासून त्यांनी दाखविले, की महागाईचा भाग वजा जाता घरांची खरी किंमत तेजीत जितकी वाढते, त्या वाढीपैकी सुमारे 70 टक्के पुढील मंदीत परत जाते. आणि या हिशेबाने आयरिश घरे आठेक वर्षांत 40 ते 60 टक्क्यांनी उतरतील. त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी निराशेचा सूर लावणाऱ्यांविषयी असे कठोर उद्गार काढले, की त्याबद्दल त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या हिशेबाचे मर्म असे, की घसरणीची खोली मंदी ठरवीत नाही. तेजीनेच ती आगाऊ ठरवून ठेवलेली असते. 100 चे 150 झाले असतील तर वाढीव 50 पैकी 35 जातात, आणि शिखरावरून मोजता घट 23 टक्क्यांची भरते. पण 100 चे 300 झाले असतील तर 140 जातात, आणि घट निम्म्याच्या घरात पोचते.

ही घट एकाएकी दिसत नाही. प्रथम व्यवहार थांबतात. शेजाऱ्याला गतवर्षी मिळालेली किंमत मालक मनात धरून बसतो, पुढील वर्षी स्वस्त मिळेल म्हणून गिऱ्हाईक थांबते, आणि खरेदीखतेच होईनाशी झाल्यामुळे भाव टिकून असल्याचा भास होतो. आपल्याकडेही मुंबई-पुण्याचा बिल्डर चौरस फुटाचा जाहीर दर सहसा उतरवीत नाही. तो मुद्रांक शुल्क पदरचे भरतो, पार्किंग मोफत देतो, आणि घट अशी आडवाटेने येते. शिवाय जेथे महागाई मोठी असते तेथे आकडा तसाच राहून किंमत आतून झिजते. आयर्लंडला तीही सवलत लाभली नाही. 2009 साली तेथे एकूण भावमानच उतरत होते, आणि चलन युरो असल्यामुळे त्याचे अवमूल्यन करणे सरकारच्या हाती नव्हते. सबब सारी घसरण आकड्यांतच उतरली, आणि 2013 च्या आरंभी तळ लागला तेव्हा 2007 च्या शिखरावरून निम्म्याहून अधिक किंमत गेलेली होती.

सुमारे 42 लाख वस्तीच्या या देशात 2006 या एका वर्षी 90 हजारांच्या आसपास घरे बांधली गेली होती. लाँगफर्ड, लीट्रिम यांसारख्या विरळ वस्तीच्या परगण्यांत करसवलतीच्या लोभाने वसाहती उठल्या. 2010 च्या सरकारी पाहणीत अर्धवट राहिलेल्या वसाहतींची संख्या 2,846 भरली. अशा काही वसाहतींत डांबराचा शेवटचा थर पडलाच नाही, त्यामुळे गटारांची लोखंडी झाकणे रस्त्याच्या वर उचललेली राहिली, आणि मोजक्या राहत्या कुटुंबांची मुले त्यांना अडखळत खेळत.

मला सर्वांत अन्याय्य वाटते ते हे, की राष्ट्राचे नुकसान सरासरीने सांगितले जाते, पण भोगावे लागते ते दस्तऐवजावरील तारखेप्रमाणे. 1996 साली घर घेतलेल्या कुटुंबाला या उत्पाताची झळ कागदोपत्रीच लागली. 2006 साली जवळजवळ पूर्ण किंमत कर्जाऊ काढून संसार थाटणाऱ्या तरुण जोडप्याचे घर मात्र कर्जाच्या निम्म्या मोलाचे झाले. किल्ल्या बँकेच्या स्वाधीन केल्या तरी उरलेली बाकी फिटत नसे, आणि दिवाळखोरीतून मोकळे होण्यास 12 वर्षे लागत. ती मुदत 2012 च्या कायद्याने 3 वर्षांवर आली. भाव चढवणाऱ्या बँकांना 2008 च्या सप्टेंबरअखेर सरकारी हमी मिळाली. या जोडप्यांना हप्त्यांचा तगादा.

पुढे बांधकाम थंडावले, घरांचा तुटवडा पडला, आणि भाव पुन्हा चढले. कर्ज वार्षिक मिळकतीच्या साधारण साडेतीन पटींहून अधिक असू नये, असा निर्बंध तेथील मध्यवर्ती बँकेने 2015 साली घातला. तो दहा वर्षे आधी घातला असता, तर असंख्य संसार वाचले असते असे मी मानतो. 2023 च्या जानेवारीत, पहिलेच घर घेणाऱ्यांसाठी, ती मर्यादा मिळकतीच्या चार पटींवर नेण्यात आली. तेव्हा भाव 2007 च्या शिखराच्याही वर होते.