धर्मासाठी कर: मॅसॅच्युसेट्सच्या संविधानातील तिसरे कलम

मॅसॅच्युसेट्सचे संविधान २५ ऑक्टोबर १७८० रोजी अमलात आले आणि ते आजही लागू आहे. सध्या चालू असलेल्या लिखित संविधानांमध्ये ते जगातील सर्वांत जुने मानले जाते. त्याला शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यांतील १८३३ सालची अकरावी दुरुस्ती एका जुन्या तात्त्विक वादाच्या पोटी जन्मली. राज्य लोकांच्या नीतिमत्तेवर टिकते आणि नीतिमत्ता धर्मावर, असे एकदा धरले की धर्मोपदेशकाचा पगार सार्वजनिक करातून देणे हे राज्याचे कर्तव्य ठरते, की तो विवेकबुद्धीवरचा जुलूम ठरतो?

संविधान घडले ती रीतच नवी होती. १७७८ साली विधिमंडळाने स्वतः एक मसुदा तयार करून गावोगावच्या सभांपुढे ठेवला. त्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. शिवाय ज्यांनी कायदे करायचे त्यांनीच संविधानही लिहायचे, हे अनेकांना रुचले नाही. मसुदा मोठ्या फरकाने फेटाळला गेला. १ सप्टेंबर १७७९ रोजी, केवळ याच कामासाठी निवडलेली परिषद केंब्रिजमध्ये भरली. मसुदा करण्याची जबाबदारी शेवटी जॉन ॲडम्स, सॅम्युएल ॲडम्स आणि जेम्स बोडन या तिघांवर आली. लेखन मुख्यतः जॉन ॲडम्स यांचे. मसुदा पुन्हा गावसभांकडे गेला. या मतदानापुरती मालमत्तेची अट बाजूला ठेवली होती. एकवीस वर्षांवरील स्वतंत्र पुरुषांनी एकेका कलमावर चर्चा करून मते नोंदवली. संविधान सत्ताधाऱ्यांनी बहाल करायचे नसून लोकांनी स्वतः स्वीकारायचे, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे प्रथमच व्यवहारात उतरले.

संविधानाचे दोन भाग आहेत. पहिल्यात तीस कलमांचा हक्कांचा जाहीरनामा आहे, दुसऱ्यात राज्ययंत्रणेची रचना: दोन सभागृहे, नकाराधिकार असलेला गव्हर्नर, सद्वर्तन असेतो पदावर राहणारे न्यायाधीश. मतदानासाठी मालमत्तेची अट होती आणि गव्हर्नरला आपण ख्रिस्ती असल्याचे जाहीर करावे लागे. सर्व माणसे स्वतंत्र आणि समान जन्मतात, या पहिल्या कलमाचा आधार क्वॉक वॉकर या गुलाम माणसाच्या खटल्यात घेतला गेला आणि १७८३ च्या सुमारास त्या राज्यात गुलामगिरीचा कायदेशीर पाया ढासळला. या संविधानाचे हे सर्वांत मोठे देणे.

धर्माचा विषय दुसऱ्या व तिसऱ्या कलमात येतो. दुसरे कलम परमेश्वराची उपासना हा सर्वांचा हक्क आणि कर्तव्यही मानते, आणि उपासनेच्या पद्धतीवरून कोणाला त्रास देता येणार नाही अशी हमी देते. तिसरे कलम ॲडम्स यांनी लिहिले नाही. ते परिषदेत इतरांनी तयार केले. नागरी शासनाची सुव्यवस्था धर्मनिष्ठा आणि नीतीवर अवलंबून असते, म्हणून गावांनी व पॅरिशांनी (चर्चच्या स्थानिक विभागांनी) आपल्या खर्चाने प्रॉटेस्टंट धर्मशिक्षक नेमावेत, असे त्यात म्हटले होते. करदात्याला आपला वाटा आपल्या पंथाच्या शिक्षकाला द्यायला सांगता येई, आणि एक पंथ दुसऱ्याच्या ताबेदारीत राहणार नाही असे वचनही होते. प्रत्यक्षात बहुतेक गावांत बहुमत काँग्रिगेशनल पंथाचे, त्यामुळे करही त्यांच्याच पाद्र्यांकडे जाई. या कलमाला आवश्यक ते दोनतृतीयांश मत खरोखर मिळाले होते का, याबद्दल इतिहासकार सॅम्युएल एलियट मॉरिसन यांनी मतमोजणी तपासून गंभीर शंका घेतली आहे.

बॅप्टिस्टांचा या कराला विरोध होता, आणि तो नुसता तात्त्विक नव्हता. संविधानापूर्वीही असा कर होताच; १७७० साली ॲशफील्ड गावात काँग्रिगेशनल पाद्र्याचा कर न भरल्याबद्दल बॅप्टिस्टांच्या जमिनी लिलावात काढल्या गेल्या. एकीकडे प्रांताचे पुढारी लंडनच्या संसदेने लादलेल्या करांविरुद्ध आवाज उठवत होते, तर ॲशफील्डच्या शेतकऱ्यांना दुसऱ्या वर्षी दाद मिळाली ती त्याच लंडनच्या राजदरबारातून. बॅप्टिस्टांचे पुढारी आयझॅक बॅकस यांच्या आईलाही १७५२ साली शेजारच्या कनेक्टिकटमध्ये असा कर नाकारल्यामुळे तुरुंगात जावे लागले होते. आपण वेगळ्या पंथाचे आहोत असा दाखला दिला की सूट मिळे. बॅकस यांचा आक्षेप त्या दाखल्यालाच होता. दाखला मागायचा म्हणजे माझ्या श्रद्धेवर शिक्का मारण्याचा अधिकार राज्याला आहे हे कबूल करायचे.

कराच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मुख्य न्यायाधीश थिऑफिलस पार्सन्स यांनी १८१० साली, फाल्मथ पॅरिशच्या खटल्यात मांडला. राज्य कोणाला अमुक मानायला लावत नाही, फक्त पैसे घेते. ज्याला मूल नाही तोही शाळेचा कर भरतोच. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. शाळेचे उदाहरण मान्य केले तर सार्वजनिक हिताचे शिक्षण कोणते, हे कोणीतरी ठरवावेच लागते. भारताच्या संविधानाच्या २७ व्या कलमाने मात्र नेमकी ही वाट बंद केली आहे. ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ठरवून दिलेले आहे, तो देण्याची सक्ती तेथे करता येत नाही.

पार्सन्स यांची भूमिका ढासळली ती अंमलबजावणीत. पैसे कोणाला, हे ठरवायचे तर धर्म कोणता आणि शिक्षक कोण, हे न्यायालयाला ठरवावे लागले. ग्लॉस्टरचे युनिव्हर्सलिस्ट कायमच्या नरकवासाची कल्पना मानत नसत. शिक्षेची भीती नसेल तर नीती कसली, म्हणून त्यांचे जॉन मरे हे नीतीचे शिक्षकच ठरत नाहीत, असे प्रतिपक्षाने मांडले. १७८६ साली निकाल मरे यांच्या बाजूने लागला, पण नरक आहे की नाही हा वाद न्यायाधीशांपुढे यावा, यातच कलमाचा मूळ दोष उघड होतो. १८०१ साली कॅथलिकांना सांगितले गेले की संविधानात प्रॉटेस्टंट शब्द आहे, तुमचा कर तुमच्या पाद्र्याला मिळणार नाही. फाल्मथच्या निकालाने नोंदणी नसलेल्या पंथांचाही हक्क नाकारला. त्यावर इतकी ओरड झाली की पुढच्याच वर्षी विधिमंडळाला कायदा करून तो बदलावा लागला.

शेवटचा घाव काँग्रिगेशनल मंडळींवरच पडला. डेडम गावात १८१८ साली पॅरिशच्या करदात्यांनी उदारमतवादी, म्हणजे युनिटेरियन वळणाचा पाद्री निवडला. चर्चच्या दीक्षित सभासदांतील बहुसंख्य विरोधात होते, ते बाहेर पडले. १८२० च्या निकालात न्यायालयाने चर्चची मालमत्ता पॅरिशबरोबर राहिलेल्यांची ठरवली. कर सगळ्यांचा, तर पाद्रीही सगळ्यांचा, हे तिसऱ्या कलमाचे सरळ फलित होते. सनातनी मंडळींच्या हातून युनिटेरियनांकडे एकामागून एक चर्चे गेली, आणि कराचे जुने पाठीराखेच त्याच्यावर उलटले.

वास्तविक करावाचून धर्म टिकतो याचा पुरावा त्यांच्या घरातच होता. १८१० साली याच राज्यातील काँग्रिगेशनल मंडळींनी स्थापलेले मिशन मंडळ ऐच्छिक वर्गणीवर चालत होते. त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. कनेक्टिकटमध्ये १८१८ साली कर गेला तेव्हा हताश झालेले तेथील काँग्रिगेशनल पाद्री लायमन बीचर यांनीही पुढे लिहिले की चर्चचे त्यात भलेच झाले.

नोव्हेंबर १८३३ मध्ये मतदारांनी अकरावी दुरुस्ती जवळजवळ दहास एक अशा मतांनी स्वीकारली आणि तिसऱ्या कलमाच्या जागी सर्व पंथांना समान संरक्षण आले. संघीय संविधानाची पहिली दुरुस्ती तोवर राज्यांना लागू नव्हती, त्यामुळे हा बदल राज्याला स्वतःच करावा लागला. अशा करव्यवस्थेचा निरोप घेणारे ते शेवटचे राज्य. मात्र पुढच्याच महिन्यात ॲब्नर नीलँड या लेखकाने बॉस्टनच्या वृत्तपत्रात ईश्वराविषयी अविश्वास व्यक्त केला. त्याबद्दल ईश्वरनिंदेचा खटला होऊन १८३८ साली त्याने साठ दिवसांची कैद भोगली. कर गेला, तरी श्रद्धेचा अभाव गुन्हा मानणारा कायदा शिल्लक होता.

१८५५ च्या अठराव्या दुरुस्तीने पंथीय शाळांना सार्वजनिक पैसा देण्यास मनाई केली आणि विसाव्या शतकात ही मनाई चर्चसारख्या संस्थांपर्यंत वाढवली गेली. ॲक्टन गावात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीचा निधी एका चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांना देण्याचे ठरले, तेव्हा २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवण्याच्या बाजूने कौल दिला. परमेश्वराची उपासना हे कर्तव्य सांगणारे दुसरे कलम आजही संविधानात आहे.