अर्धेलीची शेळी

धाकटी डहाणूत शेळी पाळणं म्हणजे घरात भांडण पाळणं. वाळत घातलेल्या जाळ्यात तिची शिंगं अडकतात, बोंबील सुकवायच्या वलांडीखाली ती घाण करते, आणि खाडीकाठच्या खारवट जमिनीत तिला खायला आहेच काय? म्हणून तिथल्या एका मांगेलीण म्हातारीनं आपली शेळी गावात कधी ठेवलीच नाही. सुकटीची पाटी घेऊन ती आठवड्यातून एकदा एसटीनं सायवनच्या बाजूला जायची, पाड्यांवर बोंबील देऊन भात-नागली घ्यायची. तिथल्याच एका वारली घरात तिनं शेळी दिली होती. अर्धेलीनं.

ज्यांनी हा व्यवहार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. शेळी मालकिणीची, राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. दोन झाली तर एक-एक. एकच झालं तर विकून पैसे वाटायचे. दूध राखणाऱ्याच्या पोरांना. आणि जनावर मेलं तर त्याचा कान कापून मालकिणीला दाखवायचा, नाहीतर विकून खाल्लं असं धरलं जाणार. (विमा कंपन्या आजही मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्लाच मागतात. अविश्वास तोच, फक्त प्लास्टिकचा झाला.) म्हातारीचा हिशेब घराच्या मागच्या भिंतीवर, कोळशाच्या रेघांत. करडू जन्मलं की अर्धी रेघ. दूध तुटून ते स्वतः चरायला लागलं की रेघ पुरी. "अंगावर पिणारं मोजायचं नाय," असं ती म्हणायची.

एका वर्षी शेळीला दोन करडं झाली. एक काटकुळं, एक गुबगुबीत. पहिला पाऊस पडला, माळावर पोपटी गवत उगवलं आणि आठवड्याभरात गुबगुबीत करडू गेलं. सकाळी उड्या मारत होतं, दुपारी मान मागे टाकून पाय झाडत पडलं, संध्याकाळी थंड. घरातली सातवीतली पोर त्याचा कान चिंधीत बांधून दोन एसटी बदलून धाकटी डहाणूला आली.

म्हातारीनं कान उलटापालटा करून पाहिला. "नजर लागली," ती म्हणाली आणि भिंतीवरची अर्धी रेघ ओल्या बोटानं पुसली.

"पण बारकं कसं नाय मेलं?" पोरीनं विचारलं. "मेलं तं ज्यादा खाणारंच का मेलं?"

म्हातारीकडे उत्तर नव्हतं. आश्रमशाळेतल्या गुरुजींकडेही नव्हतं, पण त्यांनी तिला पाड्याकडे येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांसमोर उभं केलं. रोगाचं नाव आंत्रविषार. त्याचे जंतू बाहेरून यावे लागत नाहीत, ते आधीपासून आतड्यातच असतात. कोवळं गवत आणि भरपूर दूध एकदम पोटात गेलं की ते बेसुमार वाढतात आणि विष सोडतात. म्हणून जे करडू जास्त पितं, जास्त खातं, तेच आधी जातं. लस पावसाआधी, मे महिन्यात टोचायची. पहिल्या वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

पुढच्या मेमध्ये पोरीनं पाड्यावरच्या सगळ्या शेळ्या हाकून आणल्या, म्हातारीचीही. त्या पावसात एकही करडू गेलं नाही. नजर लागायची थांबली असं नाही, पण तिला पुरावा मिळेना.

बारावीला विज्ञान, मग नीट, मग परळचं पशुवैद्यक महाविद्यालय. एका ओळीत लिहिलं म्हणून सोपं वाटेल, पण त्या एका ओळीत दोन वर्षं आणि एक नापास झालेला भौतिकशास्त्राचा पेपर आहे. परळचं हे महाविद्यालय 1886 सालचं. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बाप तयार नव्हता. तरुणपणी तो दापचरीच्या सरकारी दुग्धप्रकल्पावर गवत कापायला जायचा. मुंबईतले तबेले हलवायला उभारलेला एवढा मोठा प्रकल्प, तिथले गोठे पुढे ओस पडलेले त्यानं पाहिले होते. "सरकारच्या म्हशी टिकल्या नाय तिथं," तो म्हणाला, "तू मुंबईत काय टिकशील?"

शिष्यवृत्ती आहे, असं पोरीनं सांगितलं. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठीची, भारत सरकारची, दहावीनंतरची. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. ते सिद्ध करायला पाड्यावरच्या माणसाला तीन खेपा पडल्या, ही गोष्ट वेगळी. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवर अर्ज. फी सरकार भरणार, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला निर्वाहभत्ता महिन्याला 1200 रुपये. हा दर 2010 मध्ये ठरला. तेव्हाही परळमध्ये 1200 रुपयांत कोणी महिना काढत नसावं.

फीचा प्रश्न आला नाही. महाविद्यालयानं ती मागितलीच नाही. अडलं ते मेसवर. निर्वाहभत्ता येईचना. अर्ज मंजूर, संगणकावर हिरवी खूण, खात्यात शून्य. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून बँकेत. शेवटी कळलं की पैसे तिच्या नव्या खात्यात येणारच नव्हते. आधार जोडलेलं होतं ते आश्रमशाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्याला. ते खातं वापराविना बंद पडलेलं. पैसे तिथं जाऊन आपटत होते आणि परत फिरत होते. शिष्यवृत्तीनं तिला मुंबईत आणून बसवलं होतं आणि तीच आता तिच्या दाराचा पत्ता विसरली होती.

डॉ. आंबेडकरांना 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट लेखी होती: परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी. 1917 मध्ये ते बडोद्याला आले खरे, पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. त्यांना तिथून निघावं लागलं. महाराजांनी शिक्षणाचे पैसे दिले, छप्पर मात्र शहराच्या हातात होतं. आमच्या गोष्टीतल्या पोरीचं दुःख त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही. पण गाठ तिथंच बसते: पैसे मंजूर होणं आणि माणूस टिकणं यांच्यामध्ये कोणीतरी उभं राहावं लागतं.

तीन महिन्यांचं मेसचं बिल थकलं, तेव्हा पोरीनं पेटी भरली आणि डहाणू लोकल पकडली. पाड्यावर जायची एसटी सुटली होती, म्हणून रात्रीपुरती ती धाकटी डहाणूला म्हातारीकडे आली. म्हातारी बोंबलांच्या माळा उतरवत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आपला बोकड केवढा झाला?"

बकरी ईद तोंडावर आली होती. देवनारला माल नेणाऱ्या व्यापाऱ्यानं पाड्यावर येऊन बोकडाचा पाठीचा कणा चिमटीत धरून पाहिला, दात पाहिले, अकरा हजार मोजले. निम्मे बापाचे होते, निम्मे म्हातारीचे. म्हातारीनं आपले निम्मे पोरीच्या हातावर ठेवले. बाप जरा वेळ गवताकडे बघत राहिला आणि मग त्यानंही ठेवले.

"परत कधी देऊ?" पोरीनं विचारलं.

"हे बी अर्धेलीनंच," म्हातारी म्हणाली. "शेळी माझी. करडू आणून दे."

पोरीला वाटलं, म्हातारीची जीभ घसरली. पैशाला करडू कसं होणार?

आधार नव्या खात्याला जोडून घेतल्यावर दिवाळीनंतर भत्ता एकरकमी आला. पोरीनं साडेपाच हजार मोजून धाकटी डहाणूला आणले. म्हातारीनं ते नाकारले वगैरे नाही. बोट ओलं करून दोनदा मोजले, कमरेला खोचले आणि म्हणाली, "ही शेळी झाली. करडू कुठंय?"

पुढची चार वर्षं पोर दर मे महिन्यात आली की म्हातारी हेच विचारायची. पोर हसायची. एकदा चिडलीही.

तिची इंटर्नशिप सुरू होती त्या उन्हाळ्यात ती पाड्यावर लशी टोचून परतताना धाकटी डहाणूला उतरली. ओटीवर म्हातारीची नात मोबाइल घेऊन रडकुंडीला आलेली. बारावी झाली होती, तिला रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालयात जायचं होतं. घरातल्या पुरुषांनी आयुष्यभर मासे पकडले. नातीला ते वाढवायचे कसे, हे शिकायचं होतं. पण महाविद्यालय दूर, आणि खर्चाचा आकडा ऐकूनच बापानं तिकडे पाठ फिरवली होती.

पोर ओटीवर तिच्या शेजारी मांडी घालून बसली. जात वेगळी, योजना वेगळी, कागद वेगळे. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, हे त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. पण दाखले, जात, उत्पन्न यातलं काहीही विचारायच्या आधी तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा:

"आधार कुठल्या खात्याला जोडलंय? आधी ते बघू."

निघालं तसंच. तिसरीत असताना कुठल्याशा योजनेसाठी काढलेलं खातं, पासबुकाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेल्या. तिसऱ्या दिवशीही जावं लागलं. चौथ्या दिवशी अर्ज भरायला बसल्या. मेसला दर महिन्याला किती लागतील, पहिले सहा महिने पैसे येणार नाहीत असं धरूनच चालायचं, तोवर कोणाकडून किती घ्यायचे, हे सगळं तिनं वहीच्या मागच्या पानावर नातीला लिहून दिलं. नात ते पान पुन्हा पुन्हा वाचत होती.

म्हातारी आतून आली. तिला आता कमी दिसायचं. दोघींच्या मध्ये वाकून तिनं वहीवरून हात फिरवला, जणू अक्षरं बोटांना कळतात. मग काही न बोलता मागच्या भिंतीकडे गेली. चुलीतला कोळसा उचलण्याचा आवाज आला. पोर मागोमाग गेली.

जुन्या रेघांच्या शेवटी म्हातारीनं एक नवी रेघ ओढली होती. अर्धीच.

"अर्धी का गे, बाय?"

"अजून अंगावर पितेय ती," म्हातारी म्हणाली आणि कोळसा परत चुलीत टाकला.